चेअरमन दर बाजारी मरायचे

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या जन्मदात्या वडिलांना, मी भूमच्या आठवडी बाजारात दर खेपेला मारत असे. बहुतेकदा पिस्तुलानं, कधी सुऱ्यानं, एकदा तर बोटीसकट जाळून. घरी मात्र ते धडधाकट होते, दोन वेळा जेवत होते, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्याशी एक शब्द बोलत नव्हते. हे सगळं एकाच वेळी कसं चालू होतं ते सांगायला बसलो की मला अजून हसू आवरत नाही. बायको म्हणते, यात हसण्यासारखं काय आहे? तिला समजावण्यात अर्थ नाही. तिनं तो चिनी माणूस पाहिलेला नाही.

तर आधी अबोल्याचं सांगतो. आमचं गाव भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडे. आबा गावातल्या दूध सोसायटीचे चेअरमन. ऐंशी सालाच्या पुढची ती वर्षं. सोसायट्यांचं पीक जोरात होतं, दुसरं कुठलंच नव्हतं. पाऊस पाठ फिरवून गेला होता आणि म्हशी आटल्या होत्या. मी बी.ए.ला आपटून घरी बसलो, तेव्हा आबांनी संचालकांची समजूत घालून मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं. काम काय, तर पहाटे उठायचं, ऑफिस उघडायचं आणि दुधाची वाट बघायची. लॅक्टोमीटर बुडेल एवढं दूध आलं तर तो दिवस सोन्याचा. सभा मात्र नेमानं भरायच्या. चहा व्हायचा, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम व्हायचं, दूध का येत नाही यावर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर व्हायचा. मी ते सगळं सुवाच्य अक्षरात लिहीत बसायचो आणि आतून चरफडायचो.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. ऑफिसची किल्ली खिळ्याला अडकवली आणि दूध न्यायला आलेल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून भूमला निघून गेलो. संध्याकाळी परत आलो, तेव्हा आबा ओसरीवर बसले होते. माझ्याकडं न बघता ते आईला म्हणाले, "तुझ्या लेकाला म्हणावं, जेवून घे."

झालं. अबोला लागला.

आमच्याकडं अबोला धरलेला माणूस मुका होत नाही. तो मधे एक माणूस घालून बोलतो एवढंच. आई असेल तर आई, नसेल तर शेजारी, कुणीच नसेल तर म्हैस. "काही लोकांना सूर्य डोक्यावर आला तरी कळत न्हाय," असं आबा म्हशीला सांगायचे आणि ती बिचारी वळून माझ्याकडं बघायची. मीही कमी नव्हतो. हाताच्या अंतरावर बसलेल्या बापाला मी आईमार्फत कळवायचो, "त्यांना म्हणावं, मला आज उशीर होईल." आई निरोप पोचवायचे कष्ट घेत नसे. दोघांनी ऐकलेलंच असायचं. मला वाटलं होतं, चार दिवसांत निवळेल. दिवाळी गेली. संक्रांतीला आबांनी तिळगूळ आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, गोड बोल."

मी तो तिळगूळ खाल्ला. आबांनी मला समोर उभं करून शिव्या घातल्या असत्या, पायातली वहाण उगारली असती, तर मी त्यांचे उपकार मानले असते. मला त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला एक शब्द हवा होता. कसलाही चालला असता.

भूमला मी दिवस काढायचो ते एका सायकलवाल्या चाचांकडं. सगळा बाजार त्यांना चाचाच म्हणायचा. दुकानामागं त्यांचं पत्र्याचं गोडाऊन होतं. पूर्वी त्यात भुसार माल असायचा. माल येईनासा झाला तेव्हा चाचांनी एक रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणून तिथं पिक्चर लावायला सुरुवात केली. दाराला पोत्यांचा पडदा, खाली पोतीच अंथरलेली. खरी गर्दी बाजारच्या दिवशी दुपारी व्हायची. ढोरं विकायला आलेली माणसं, विकली जात नाहीत हे कळलं की सावली शोधत आत यायची.

कॅसेटी चाचा बार्शीहून, कधी सोलापुराहून आणायचे. चांगल्या हिंदी कॅसेटी आधीच गेलेल्या असायच्या, म्हणून दुकानदार त्यांच्या गळ्यात हाँगकाँगच्या मारधाडीच्या कॅसेटी मारायचे. त्यातली भाषा कँटोनीज हे मला फार पुढं कळलं. तेव्हा सगळं चिनीच. पहिल्या खेपेला लोक कंटाळले. कोण कुणाला का मारतंय ते कळेना. मी मागं बसून शेजाऱ्याला माझ्या अकलेनं गोष्ट सांगत होतो, तर पुढून मिरच्या विकणारी एक म्हातारी ओरडली, "मोठ्यानं सांग की मुडद्या. आमी काय भिताडं हाव व्हय?" मी मोठ्यानं सांगू लागलो. पुढच्या बाजारी चाचांनी लग्नातला माईक आणून माझ्या हातात दिला. माझ्या आयुष्यात एवढ्या झटपट मिळालेली नोकरी तीच.

आता त्यातली गंमत ऐका. त्या पिक्चरांत एक मोठं गोल टेबल असायचं. त्याभोवती वयस्कर माणसं बसायची, बिनकानाच्या कपातून चहा प्यायची. भिंतीवर तसबीर, खाली उदबत्त्या. मधला माणूस काहीतरी बोलायचा, बाकीचे माना डोलवायचे. एखादा तावातावानं उठून जायचा आणि पुढच्या सीनला तो बंदराच्या पाण्यात तरंगत असायचा. जगात इतरत्र लोकांना ही गुंडांची टोळी वाटत असेल. भूमच्या गोडाऊनात बसलेल्या एकाही माणसाला तसं वाटलं नाही. ती संचालक मंडळाची बैठक होती, हे पोरासोरांनाही कळलं. मीही ती तशीच समजलो आणि सेक्रेटरीच्या अंगवळणी पडलेल्या भाषेत माईकवर सांगू लागलो, "विषय क्रमांक तीन. बंदरावरच्या मालाची वाटणी करणे. ठराव सर्वानुमते मंजूर." लोक मांडीवर थापा मारून हसायचे. टोळीनं एका म्हाताऱ्याला पळवून खोलीत कोंडलं, तेव्हा कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. मागून एक जण म्हणाला, "इलेक्शन जवळ आलं वाटतं."

हिरो आमच्याकडं कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत. ते सगळे सारखेच देखणे, सारखेच कोवळे आणि सारखेच मख्ख. लक्षात राहायचे ते व्हिलन. आणि मग आम्हाला शोध लागला की कॅसेट बदलली तरी व्हिलन तेच असतात. एक काडीवाला होता, दातात काडी धरून मान वाकडी करणारा. एक हसरा होता. त्याचं पोट आधी हलायचं, हसू मागून यायचं, आणि ते थांबलं की कुणाचं तरी संपलंच म्हणायचं. एक पांढऱ्या सुटातला होता, ज्याच्या सुटावर प्रत्येक पिक्चरमध्ये काहीतरी सांडायचं. कॅसेटीच्या खोक्यावर यांचे फोटो कधी नसत. नावं येत असतील, पण ती त्यांच्या अक्षरांत, म्हणून आम्हीच बारशी केली होती. मिरच्यावाल्या म्हातारीला सुरुवातीला हे मानवेना. "ह्या काडीवाल्याला मागल्या बाजारी जाळला की," ती म्हणाली, "परत कसा आला?" मी म्हणालो, आजी, तो नट आहे, मरणं त्याचा धंदा आहे. ती थोडा वेळ विचारात पडली आणि मग म्हणाली, "लई कष्टाचा धंदा हाय बाबा."

मला ते पटलं. मी त्या लोकांच्या प्रेमातच पडलो. मनात यायचं, हा काडीवाला सकाळी डबा घेऊन घरातून निघत असेल, दिवसभर गोळ्या खात असेल, अंगावरचा लाल रंग धुऊन संध्याकाळी घरी जात असेल आणि बायको विचारत असेल, आज कुणी मारलं? हिरो एका पिक्चरमध्ये दिसायचा, पुढं कुठं गडप व्हायचा. पिक्चर खांद्यावर वाहून नेणारे हेच.

दुष्काळामुळं आमचं बघणंही वेगळं झालं होतं. व्हिलन लोक सतत जेवायचे. वाफाळता भात, काड्यांनी उचललेल्या लांब शेवया, अख्खा मासा. जेवणाचा सीन आला की गोडाऊनात चिडीचूप व्हायचं आणि मग फर्माईश यायची, "चाचा, जेवण परत लावा." एका कॅसेटीत धो धो पावसात मोठी मारामारी होती. कोण मेलं, कोण उरलं, कुणीही पाहिलं नाही. सगळे गटारातून वाहणारं पाणी बघत होते. मारामारी संपल्यावर एक शेतकरी उठून म्हणाला, "ती माणसं राहू द्या. पाऊस परत दावा." चाचांनी तीनदा दाखवला.

आणि या सगळ्या व्हिलनांचा म्होरक्या, गोल टेबलाच्या मधोमध बसणारा, तो आमचा चेअरमन. टक्कल, जाड भिवया, काळ्या दांड्यांचा चष्मा. तो कधी आवाज चढवत नसे. बोलायच्या आधी चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकानं हळूहळू पुसायचा, उजेडाकडं धरून बघायचा आणि मग तोंड उघडायचा. पहिल्यांदा त्याला असं करताना पाहिलं, तेव्हा मी माईक तोंडाशी धरून बघतच राहिलो. आबा मीटिंगमध्ये हुबेहूब असंच करायचे. एवढ्या वेळात समोरच्याला आपली चूक आठवायला सवड मिळते, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावरच्या चेअरमननं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या तोंडून, माझीच परवानगी न घेता, आबांचा आवाज बाहेर पडला. "बसा. उभं राहून चुका लपत न्हायत."

आमच्या गावची चार माणसं आत होती. ती आधी चपापली आणि मग अशी हसली, की एकाला बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

तेव्हापासून मला थांबवता येईना. आबांची प्रत्येक लकब, प्रत्येक टोमणा, त्यांचं ते "ठीक हाय, बघू," ज्याचा अर्थ 'मुळीच नाही' असा असे, सगळं चेअरमनच्या तोंडी जाऊन बसलं. लोकांना वाटायचं, पोरगा बापाची टिंगल करतोय. टिंगल तर होतीच, पण मला त्यात दुसरंच सुख होतं. घरी जो आवाज माझ्याकडं पाठ करून बोलायचा, तो इथं दुपारभर माझ्या घशातून यायचा. चेअरमन टोळीतल्या पोरांना झापायचा, तेव्हा मी ते झापणं स्वतःवर घ्यायचो. आठवडाभर मी त्या दुपारची वाट बघायचो.

फक्त एक अडचण होती. पिक्चरच्या शेवटी चेअरमन मरायचा.

बाजारातून परतलेली माणसं गावात उतरली की आधी आबांना गाठायची. "चेअरमन, आज तुमाला गच्चीवरनं ढकललं बरं का." आबा मान हलवायचे. "चेअरमन, ह्या खेपेला लई हाल झाले तुमचे. बोटीत होता तुम्ही." आबा चष्मा पुसायचे आणि म्हशीकडं बघून म्हणायचे, "लोकांना कामं न्हायत." एवढंच. राग आला की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते बघून मी हवालदिल व्हायचो. बोटीत जाळल्यावर तरी माणूस काहीतरी बोलेल की नाही?

बोलली ती आई. एका संध्याकाळी तिनं मला चुलीपुढं बसवलं. "बापाचा आवाज काढ, नकला कर, मी काय म्हणत न्हाय," ती म्हणाली. "पर दर आठवड्याला जित्या माणसाला मारू नगस. मला कसंतरी होतंय. एकदा तरी त्याला वाचव."

आईचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. मी चाचांच्या मागं लागलो, चेअरमन जिवंत राहतो अशी कॅसेट आणा. चाचांनी बार्शी पालथी घातली, सोलापूर पालथं घातलं. येडशीला कुणाकडं तरी चिनी कॅसेटींचं पोतं आहे असं कळलं, तर तिथंही सायकल मारत जाऊन आले. दमून परत आले आणि बाकावर टेकत म्हणाले, "बेटा, सब जगा पूछा. दुकानवाले हसायलेत. वो नै मरा तो पिच्चर खतम कैसा हुईंगा?"

एकदा मी माझ्याच हिंमतीवर त्याला वाचवायचा प्रयत्न केला. त्याला छातीत गोळ्या लागल्या, तो पडला, त्याचे डोळे मिटले, आणि मी माईकवर म्हणालो, "चेअरमनला चक्कर आली आहे." पुढच्याच सीनला त्याची तिरडी आली. पब्लिकनं पोती भिरकावली. मिरच्यावाली म्हातारी माझ्यावर खवळली. "मरंल तेव्हा मरू दे त्याला नीट," ती म्हणाली, "त्याच्या पोटावर पाय नगस देऊ."

आणि मग एका बाजारच्या दुपारी पोत्यांचा पडदा बाजूला सारून आबा आत आले.

पेंड घ्यायला भूमला आले होते म्हणे. गोडाऊन खचाखच भरलेलं. आमच्या गावची माणसं त्यांना बघून अशी आक्रसली, जणू तीच पडद्यावर होती. चाचांनी स्वतःची खुर्ची पुढं नेऊन ठेवली. आबा बसले. मी टीव्हीच्या बाजूला स्टुलावर, हातात माईक, आणि आमच्यात अंतर होतं तीन-चार माणसं मांडी घालून बसतील एवढं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

पिक्चर नवीन होता. एका तरण्या पोराला टोळीनं लहानाचं मोठं केलेलं, आणि ते पोरगं एक दिवस टोळी सोडून निघून गेलेलं. चेअरमन त्याला हॉटेलात बोलावून घेतो. समोर वाफाळता मासा. चेअरमन चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकानं पुसतो. गोडाऊनातल्या सगळ्या माना पडद्यावरून आबांकडं वळल्या आणि परत पडद्याकडं गेल्या. चेअरमन चष्मा चढवून बोलायला लागला. मी माईक खाली केला. माईक आल्यापासून भूमच्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच नुसतं चिनी ऐकलं.

"चाचा," आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्याला म्हणावं, तोंड उघड. माणसं उन्हाची आलीत."

चाचा माझ्याकडं वळून म्हणाले, "वो बोलते, बोल."

मी चाचरत सुरू केलं. चेअरमनच्या, म्हणजे आबांच्या आवाजात म्हणालो, "सोसायटीनं तुला वर काढलं. किल्ली खिळ्याला अडकवून गेलास. माझ्या तोंडाला काळं फासलंस."

"चाचा, त्याला म्हणावं, चेअरमन असलं नाटकी बोलत न्हाय." आबा खुर्चीत पुढं सरकले. पडद्यावर चेअरमन अजून बोलतच होता, आणि आबा त्याच्या ओठांकडं बघत त्याच्याबरोबर बोलू लागले. "किल्ली अडकवलीस त्याचं काय न्हाय. कुलूप न लावता गेलास. मागनं आलेलं दूध मांजर पिऊन गेलं. तेवढंच आलं होतं त्या दिवशी."

पत्रे हादरतील असं हसू उसळलं. मांजराचं मला ठाऊकच नव्हतं. पडद्यावर तरणं पोरगं काहीतरी म्हणत होतं आणि ते बोलणं आता माझ्याकडं आलं होतं. मी माईक तोंडाशी नेला. "मांजराचं मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार?" चेअरमन म्हणाला. "अबोला हाय."

लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मी हसत होतो. आबा हसत नव्हते. पडद्यावरच्या चेअरमननं माशाचा घास घेतला, तर आबा शिस्तीत थांबले. त्यानं घास गिळला, मग हे पुढं झाले. आमच्या आबांना हे काम एवढ्या चटकन कसं जमलं, याचं मला आजही नवल वाटतं. पडद्यावरच्या पोरानं टेबलावर मूठ आपटली.

"मला ते काम नको होतं," मी म्हणालो.

"मग तसं म्हणायचं."

"म्हणालो असतो तर जाऊ दिलं असतं?"

चेअरमननं रुमालानं ओठ टिपले. "न्हाय," आबा म्हणाले. गोडाऊन पुन्हा कोसळलं. पण चेअरमन अजून बोलत होता, आणि आबांनाही त्याच्याबरोबर जावं लागलं. त्यांचा आवाज खाली आला. "पर माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला ठाव, अन् मला न्हाय."

आता कुणी हसलं नाही. पडद्यावरचं पोरगं खाली मान घालून बसलं होतं, त्याला पुढं काही बोलायचं नव्हतं, म्हणून मलाही नव्हतं. माझे डोळे भरून आले. मिरच्यावाल्या म्हातारीनं पदरानं नाक पुसलं.

मग बरीच मारामारी झाली. ती आम्ही तशीच जाऊ दिली. शेवट बंदरावर, पावसात. पोराच्या हातात पिस्तूल, समोर चेअरमन, अंगावर भिजलेला कोट. चाचांनी व्हिडिओ बंद करायला हात पुढं केला. आईचं म्हणणं त्यांना माहीत होतं. आबांनी मान न वळवता म्हटलं, "चाचा, थांबवू नगा. मरू द्या. लोक त्यासाठीच आलेत."

गोळी लागली. चेअरमन फळ्यांवर पडला आणि ते लोक मरताना बोलतात तसा सावकाश बोलू लागला. आबा खुर्चीतून उठून टीव्हीच्या जवळ आले. माईक माझ्या हातात होता, तो मी त्यांच्या तोंडापुढं धरला.

"सोसायटीचं कुलूप बदला," आबा म्हणाले. "ठराव करून ठेवा. सेक्रेटरी कुणालाबी करा, पर बी.ए. नापास नगा करू." पडद्यावर चेअरमन खोकला. आबा थांबले, तो सावरला, आणि ते पुढं म्हणाले, "पोरगं चांगलं बोलतंय. एवढी गर्दी माझ्या मीटिंगीला कधी झाली न्हाय." चेअरमनचे डोळे मिटले. पाऊस त्याच्या तोंडावर पडत राहिला. "अन् दुसरं म्हंजे," आबांनी सुरुवात केली.

"अवो, मेलात तुम्ही," मिरच्यावाली म्हातारी म्हणाली.

आबांनी पडद्याकडं नीट निरखून पाहिलं. खरंच मेले होते. ते मुकाट्यानं जाऊन खुर्चीवर बसले आणि गोडाऊनात जो कल्ला झाला, तो ऐकून बाजारातली माणसं धावत आली.

गर्दी पांगली. मी माईकची वायर गुंडाळत होतो. मला कळत नव्हतं, जे बोलले ते आबा होते की चेअरमन. अबोला सुटला की तसाच होता? विचारायची सोय नव्हती. बाहेर आलो तर आबा पेंडीचं पोतं खांद्यावर टाकून एसटी स्टँडकडं निघाले होते. मी मागं चार पावलं ठेवून चालत राहिलो. वाटेत ते एकदाही वळले नाहीत, आणि स्टँड येईपर्यंत माझा सगळा आनंद ओसरला.

गाडी भरलेली होती. आबा पोतं पायाशी घेऊन खिडकीपाशी बसले. मी पुढं दाराच्या दांड्याला धरून उभा राहिलो. कंडक्टर तिकिटं देत त्यांच्यापाशी आला, तेव्हा आबा म्हणाले, "त्याला म्हणावं, इथं जागा हाय."

कंडक्टर आमच्याच भागातला. काही न विचारता त्यानं निरोप दिला, "तिथं जागा हाय म्हणतेत." मी जाऊन बसलो. एवढ्या महिन्यांत मी आबांच्या इतका जवळ बसलो नव्हतो. त्यांच्या सदऱ्याला पेंडीचा वास येत होता. गाडी गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूला उघडी बोडकी रानं. मी मनातल्या मनात शब्द जुळवत होतो आणि मोडत होतो. आबा खिडकीतून बाहेर बघत होते.

मग ते माझ्याकडं वळले. मधे कुणी नव्हतं, आई नव्हती, म्हैस नव्हती, कंडक्टर पुढं गेला होता.

"पुढच्या बाजारी मला जरा उशिरा मार," आबा म्हणाले. "लई बोलायचं राहिलंय तुझ्यासंगं."